वीज नसताना वाजलेली लावणी

१

सुई शेवटच्या वळणावर आली आणि किंचाळली.

तोवर माडीवर कुणी हललंसुद्धा नव्हतं. ढोलकी, तुणतुणं, घुंगरांचा ठेका आणि त्यावर स्वार झालेला एक कोवळा, धारदार आवाज: ‘पाव्हणं, उंबऱ्यात थांबा जरा’. एके काळी सातारा-सांगलीकडच्या जत्रांत आणि लग्नाच्या मांडवांत कर्ण्यातून वाजून वाजून गुळगुळीत झालेली ही लावणी. बसलेल्या प्रत्येकाला ती पाठ होती. तरी सगळे जिवाचा कान करून ऐकत होते, कारण आज पहिल्यांदा तिचा शेवट ऐकायला मिळणार होता. नेमका तो यायच्या जागी खर्रर्र झालं, सुई उडाली, पडली, पुन्हा उडाली आणि मधल्या लेबलावर जाऊन घासत राहिली.

शरच्चंद्र आगाशे यांनी सुई उचलली. तिच्या टोकाला काळ्या भुशाचा बारीक पुंजका चिकटला होता. त्यांनी तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली.

“कुणी तरी खरवडलीय,” ते म्हणाले. “आज. माझ्या घरात.”

आगाश्यांचं सांगलीत हरभट रस्त्यावर रेडिओ आणि रेकॉर्डचं दुकान होतं. कॅसेटी आल्या तसं ते बसलं. बाकीचा माल त्यांनी मिळेल त्या भावाने काढून टाकला, पण नाचाच्या रेकॉर्डी तेवढ्या गावभागातल्या घरी आणल्या: लावण्या, कोळीनाच, बँडवाल्यांच्या चाली. गेली काही वर्षं ते त्यात भरच घालत होते. आता सून मयूरी हिच्या शिकवणीला माडी हवी होती आणि त्यांचे डोळेही थकले होते. १९९४च्या मार्चमध्ये त्यांनी संग्रह विकायचं ठरवलं. विकण्याआधी एकदा जेवण करू, जुन्या गोष्टी काढू, ऐकू, म्हणून त्यांनी हा रविवार धरला होता.

खरं आकर्षण ही एकच तबकडी होती. कंपनीने गाणं बाजारात आणण्याआधी काढलेला नमुना. लेबल पांढरंफेक, कोरं. बाजारातल्या रेकॉर्डवर शेवटची ढोलकी हळूहळू विरत जायची. नमुन्यावर गाणं पुढे चालून खरोखरीचं संपत होतं, असं जाणकार सांगत. आगाश्यांना ती शिरवळच्या एका लाउडस्पीकरवाल्याच्या अडगळीत सापडली होती. त्यांनी सुरुवातीचे चार वेढे वाजवून खात्री केली आणि सुई उचलली. शेवट ऐकायचा तो जिची लावणी तिच्यासोबतच.

ती समोरच खुर्चीत बसली होती. अनसूयाबाई वडूजकर. वयाने वाळलेल्या, गुडघ्यांनी अधू, पण पाठ अजून ताठ. तबकडी किंचाळली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ते त्यांनी अजून उघडले नव्हते.

२

आगाश्यांनी पहिलं बोट उदयसिंह बर्ग्यांकडे दाखवलं.

बर्गे कोरेगावकडचे. ऊस, मोटार आणि रेकॉर्ड या तीन गोष्टींचं त्यांना वेड. आगाश्यांशी त्यांची जुनी दोस्ती होती आणि तितकीच जुनी चढाओढ.

“आठवडाभर मागे लागला होतात, की ही मला आधीच द्या, वाजवू नका म्हणून. मी नाही म्हटलं. आता झालं समाधान?”

“आगाशे, तोंड सांभाळा,” बर्गे उठून उभे राहिले. “रेकॉर्ड खरवडायला मी काय उंदीर हाय?”

“बसा बगू दोगंबी.”

हा आवाज सुभेदार मानसिंग पिसाळ यांचा होता. सुभेदारांची कराडजवळ शेती होती. फौजेत त्यांची सारी नोकरी मिलिटरी पोलिसांत गेली. कुणी कुणाला गोळी घातली इथपासून मेसमधली रम कुठं गेली इथपर्यंतचे तपास त्यांनी केले होते. लावणीचा नाद मात्र तिथेच लागला. युनिटचा रेकॉर्ड प्लेयर त्यांच्या ताब्यात असे, आणि बडाखान्याच्या, म्हणजे पलटणीच्या मेजवानीच्या दिवशी ‘पाव्हणं, उंबऱ्यात’ लागली की मराठा पोरं तंबू डोक्यावर घेत. सुट्टीवर आले की ते आगाश्यांच्या दुकानात येऊन बसत. ती ओळख आजतागायत टिकली होती.

“सुभेदार, तुम्हीच बघा आता,” आगाशे म्हणाले. “ओरखड्यासाठी चौकीत कुठे जाऊ? पण हे कुणी केलं ते कळल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.”

सुभेदारांनी चष्मा चढवला आणि तबकडी दोन तळव्यांत धरून बराच वेळ फिरवली.

“आगाशे, तुमी ही सकाळी तपासली हुती?”

“दिव्याखाली. एक डाग नव्हता. पुसून प्लेयरशेजारी ठेवली आणि जेवायला खाली आलो. जेवणं होतायत तोच वीज गेली. मग आत्ता वीज आल्यावरच सगळे वर आलो.”

“म्हंजी वीज नव्हती तवाच ह्ये झालं.” सुभेदारांनी तबकडी सगळ्यांना दिसेल अशी धरली. “आता ह्ये बगा. रेकॉर्डवर दावा साधायचा म्हटला तर माणूस काय करंल? खिळा घेऊन आडवी रेघ मारंल, हिकडनं तिकडं. एका रेघंत समदं गाणं मेलं. हितं तसं न्हाई. गाण्याला केसाचा धक्का न्हाई. निस्ता लेबलाजवळचा बोटभर भाग खरवडलाय, आन् त्योबी गोल गोल, वेढ्यांच्या वळणानं.”

“म्हणजे?” मयूरीने विचारलं.

“म्हंजी ज्यानं केलं त्याला गाणं ठेवायचं हुतं. शेवट तेवढा नको हुता.”

जो शेवट इथे कुणी ऐकलाच नव्हता, तो कुणाला नकोसा झाला होता?

३

सुभेदारांनी मागच्या अंगणात पारिजातकाखाली खुर्ची टाकली आणि एकेकाला बोलावलं. माडीचा जिना याच अंगणातून वर जात होता. दुपारी ते स्वतः आगाश्यांसोबत पुढच्या ओट्यावर लवंडले होते. मागून कोण चढलं-उतरलं, त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिला आला अनीश नगरकर. पुण्यात त्याची कॅसेट काढायची कंपनी होती. संग्रह तोच घेणार होता.

“खराब झालेली रेकॉर्ड स्वस्तात पडती,” सुभेदार सरळच म्हणाले. “आन् गाणं तर शाबूत हाय. तुमच्या फायद्याचंच झालं की.”

“फायदा कसला?” अनीश वैतागला. “गाणं मी बाजारातल्या रेकॉर्डवरून कधीच उतरवून घेतलंय. मला हवा होता तो शेवट. कॅसेटची कव्हरं छापून तयार आहेत, ‘प्रथमच संपूर्ण शेवटासह’. आता ती कव्हरं कशाला लावू?”

“वीज गेल्यावर कुठं हुता?”

“कोपऱ्यावरच्या एसटीडीवर, पुण्याला फोन करायला. विचारा त्या बूथवाल्याला. लाईन मिळेना म्हणून त्याच्याशी भांडलोय.”

मयूरी आली ती पदराला हात पुसतच. “मला माडी रिकामी हवीय हे खरं. पण रेकॉर्ड फोडून ती रिकामी होत नाही, विकून होते. मी भांडी घासत होते, इथेच नळावर.”

“मंग जिना तुमच्या डोळ्यासमोर. कोन वर गेलं?”

“पाठ होती हो माझी. नळ चालू, पितळी पातेल्यांचा आवाज. पण एकदा जिन्याची पायरी वाजली असं वाटलं. बाबाच असतील म्हणून मी बघितलं नाही.”

बर्ग्यांनी खुर्चीही घेतली नाही.

“मी पान खायला गेलो हुतो. पानवाला वळखीचा न्हाई, साक्ष देणार न्हाई. झालं?”

“न्हाई झालं. नमुना वाजवू नका, असं आगाश्यांना का म्हणत हुता?”

बर्ग्यांनी तोंडातलं पान गालात सारलं. मग दिंडीदरवाजाकडे बघत म्हणाले, “कारण माझ्याकडं एक नमुना हाय. लय वर्सं झाली. साताऱ्याला एका लिलावात घावला.”

सुभेदार पुढे झुकले. “मंग त्यो वाजवलाय तुमी.”

“वाजवलाय.”

“शेवटी काय हाय?”

“ते मी मेलो तरी सांगणार न्हाई,” बर्गे म्हणाले. “कुणालाच सांगितलं न्हाई आजपत्तुर. तुमाला कळायचंच असलं तर बाईंस्नी विचारा. आन् विचाराल तवा मी हितं नसलो तर बरं.”

४

शिवांजली अनसूयाबाईंची नात. पंचविशीची, उंच, वेणीत अबोलीचा गजरा. साताऱ्यात ‘अनसूया वडूजकर लावणी वर्ग’ ती चालवत असे. पुढच्या महिन्यात तिथल्या एका संस्थेकडून आजीचा जाहीर सत्कार ठरला होता; पत्रिकेत ‘ज्येष्ठ लावणी गायिका’ असं छापून आलं होतं.

“मी कृष्णेच्या घाटावर गेले होते,” ती म्हणाली. “आजी झोपली होती. उकडत होतं.”

“एकलीच?”

“हो.”

“पोरी, तुला काय वाटतं, कुनी केलं असंल?”

“मला काय माहीत, काका?” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “पण मी म्हणते, एवढा बाऊ कशाला? गाणं तर सगळं नीट आहे. ती एक आरोळी गेली, एवढंच ना? तिच्यावाचून लावणी अडतेय थोडीच.”

सुभेदारांनी मान डोलावली आणि तिला जायला सांगितलं. ती वळल्यावर मात्र ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले.

अनसूयाबाईंना अंगणात आणणं शक्य नव्हतं. माडीवरसुद्धा त्यांना अनीशने आणि बर्ग्यांनी खुर्चीत बसवून नेलं होतं, तसंच खाली आणलं होतं. सुभेदार त्यांच्याकडे गेले. मधल्या खोलीत कॉटवर त्या बसल्या होत्या. वर फळ्यांची जुनी तक्तपोशी. दोन-तीन ठिकाणी करंगळी जाईल एवढी फट. सुभेदारांनी मनाशी हिशेब केला: वरचा प्लेयर बरोबर या कॉटच्या डोक्यावर होता.

“आक्का, जेवन झाल्यावर तुमी हितंच हुता?”

“हितंच. मी कुटं जानार बाबा, ही गुडघी घिऊन? पोरीनं उशी दिली आन् म्हनली पड जरा.”

“झोप लागली?”

म्हातारीने वरच्या फळ्यांकडे पाहिलं.

“सुबेदार, तुमाला खोटं वाटंल. लाईट न्हवती. पंका बंद, समदं गपगार. आन् मला गानं ऐकू आलं. ह्येच गानं. लय बारीक. डास कानाशी गुनगुनतोय तसं. म्या म्हनलं, मरान जवळ आलं का काय.”

“वरनं आलं?”

“वरनंच आलं म्हना की. पयल्या वळीपास्नं शेवटाला आलं, आन् बंद झालं.”

“सपान असंल.”

“सपनात ठेका चुकतो,” अनसूयाबाई म्हणाल्या. “ह्यो चुकला न्हाई. नाचनाऱ्या पायासारका सरळ हुता.” आणि एवढं बोलल्यावर त्यांचा चेहरा एकदम बदलला. जे बोलू नये ते बोलून गेल्यासारखा. त्यांनी सुभेदारांचा हात धरला. “सपानच असंल. तुमी म्हनता तसं सपानच.”

५

सुभेदारांनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. रेकॉर्ड प्लेयर माडीवरून खाली आणवला आणि स्टुलावर ठेवला. त्यावर त्यांनी आगाश्यांकडची ‘पाव्हणं, उंबऱ्यात’ची बाजारातली साधी रेकॉर्ड लावली. मग प्लगच काढून हातात घेतला.

“सिक्कीमच्या चौकीवर आमचा जनरेटर दिवसातनं दोनदा बसायचा,” ते म्हणाले. “आन् गाणं तर पायजे. मग आमी काय करायचो, रेकॉर्डवर सुई ठेवायची आन् बोटानं चकती फिरवायची. करंट नसला तरी सुई बोलती. बारीक बोलती, पन बोलती. समदे डोकी खाली घालून ऐकायचो.”

त्यांनी लेबलाजवळ बोट टेकवून चकती फिरवली. सुईतून खरोखरच एक किरटा, इवलासा आवाज निघाला. पण तो एकदा रेड्यासारखा जाड होई, एकदा चिमणीसारखा पातळ. मयूरीला हसू आलं.

“हसू नका, तुमीच या.”

मयूरीने फिरवलं, लावणीची अंगाई झाली. अनीशने फिरवलं, ती धापा टाकत पळत सुटली. आगाश्यांनी आयुष्यभर रेकॉर्डी हाताळल्या होत्या, तरी ढोलकी त्यांच्या बोटाखाली लंगडत होती. बर्गे नाखुशीने पुढे आले. त्यांच्या जाड बोटाने सुई दोनदा उडाली आणि ते शिवी गिळून मागे सरले.

“शिवांजली, ये.”

“मला नाही जमणार.”

“जमू नगं. कुनालाच जमंना.”

ती स्टुलाशी बसली. बोट टेकवलं. पहिली ओळ वेडीवाकडी आली, इतकी वेडीवाकडी, की मयूरीच्या अंगाईहून वाईट. शिवांजली हात ओढून घेणार तोच सुभेदार म्हणाले, “पुढं जाऊ दे. ढोलकी येती.”

ढोलकी आली. या तुकड्यावर ती दहाव्या वर्षापासून नाचत होती; रोज सकाळी पंधरा मुलींकडून तोच घोटून घेत होती. तिचं बोट तिच्या हातात राहिलं नाही. चकती गपकन एका चालीला लागली आणि स्टुलावरून, डासाच्या आवाजात पण स्वच्छ, एकाच वेगात, लावणी गाऊ लागली. तिच्या दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. ते तिला कळतही नव्हतं.

कॉटवर अनसूयाबाईंनी तोंडाला पदर लावला.

“बास,” सुभेदार हळूच म्हणाले.

६

“बर्ग्यांचा मला शेवटपत्तुर संशय हुता,” सुभेदार सांगत होते. “नमुना वाजू नये असं त्यांस्नी वाटत हुतं, ते त्यांनी लपवलंबी न्हाई. पन दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, आक्कांनी वीज नसताना गाणं ऐकलं. म्हंजी कुनीतरी वर बसून बोटानं फिरवून, ऐकत ऐकत शेवट कुठं सुरू होतो ते शोधलं, आन् तिथनं पुढं टोकदार काय तरी टेकवून चकती फिरवली. म्हणून ओरखडे गोल. बर्ग्यांनी शेवट ऐकलेला, त्यांस्नी शोधायचं कारण न्हाई. आन् त्यांच्या बोटाला ठेका न्हाई. आगाश्यांच्याबी न्हाई. ज्याचं अंग त्या गाण्यावर घडलंय त्यालाच जमंल ते. दुसरं, शेवटी आरोळी हाय ह्ये मला ठावं न्हवतं. हितं कुनालाच ठावं न्हवतं, बर्गे आन् आक्का सोडून. पोरगी मात्र म्हणाली, आरोळी गेली तर काय झालं.”

शिवांजलीने साडीच्या निऱ्यांतली सेफ्टी पिन काढून स्टुलावर ठेवली. टोकाला काळं लागलं होतं.

“मला वाटलं, जुना ओरखडा समजाल,” ती म्हणाली. “आजी, मी तुझ्यासाठी केलं. सकाळी एसटीत तू म्हणालीस, आज समद्यांना कळेल, शेवटी नाव घेतलंय म्हणून. मला धसकाच बसला. लोक काय म्हणतील तुला? सत्काराच्या तोंडावर? वर्गाच्या पाटीवर तुझं नाव आहे.”

“कसलं नाव?” आगाश्यांनी विचारलं. “मला काहीच कळत नाहीये.”

अनसूयाबाईंनी नातीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता.

“पोरी, मी ते झाकायला आले न्हवते गं. मी ते उगडं करायलाच आले हुते.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. लावणी त्यांची नव्हती. त्या नाचायच्या, मागे बसून गायची ती धोंडुबाई. मुंबईला गाणं भरायला दोघी गेल्या. धोंडुबाईचा आवाज, अनसूयाबाईंचे घुंगरू. गाणं संपलं आणि ढोलकीवाला न राहवून ओरडला, तेही तबकडीत आलं. पण त्याच महिन्यात धोंडुबाईचं लग्न ठरलं होतं, पाटणकडच्या, फौजेतल्या एका शिपायाशी. माहेर तमाशाचं असल्याचं सासरी ठाऊक नव्हतं. तिने कंपनीच्या माणसाचे पाय धरले: शेवट काढा, माझं नाव नको. त्याने शेवट काढला आणि लेबलावर एकच नाव छापलं.

“दोगींनी मिळून ठरवलं हुतं,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पन गानं चाललं. लोक म्हनाय लागले, काय गळा हाय बाईचा! मी आदी गप ऱ्हायले तिच्यासाटी. मग गप ऱ्हायले ते माज्यासाटी. फड सुटला, गुडगं गेलं, तरी गळा माजाच. गेल्या साली तिचा नवरा वारला म्हनून कळलं. तवापास्नं मला झोप न्हाई. तोंडानं सांगायचं धाडस हुईना. म्हनलं, तबकडीच सांगंल. मला निस्तं बसून ऱ्हायचंय.”

बर्ग्यांनी खाकरून घसा साफ केला. “मला ठावं हुतं, बाई. तुमाला चारचौघांत खाली बघाय लागू नये, एवढ्यापायी आगाश्यांच्या मागं लागलो.”

आगाशे उठले, बर्ग्यांजवळ गेले, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

“तुमचा नमुना वाजतो ना अजून?” सुभेदारांनी विचारलं.

“झकास वाजतो.”

“मग सांगलीत बसून काय करायचं? ज्याचं त्याला पोचवू.”

७

अनसूयाबाईंनी दुसऱ्याच दिवशी साताऱ्याच्या संस्थेला फोन लावायला सांगितला आणि गाणारी आपण नव्हे हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पलीकडचे गृहस्थ घोटाळले. सत्कार पुढे ढकलला, मग त्याचं नावच निघेना. शिवांजलीने वर्गाच्या पाटीला हात लावला नाही, पण मुलींना खरं सांगितलं. त्यातल्या दोघी यायच्या बंद झाल्या.

पुढच्या रविवारी बर्ग्यांच्या मोटारीतून चौघं पाटणला निघाली: पुढे बर्गे आणि सुभेदार, मागे आजी-नात, मध्ये गोधडीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेयर. गावापलीकडे, कोयनेच्या अंगाला, कौलारू घर. सोप्यात एक ठेंगणी, सावळी म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. तिने मोटारीतून हाताला धरून उतरवल्या जाणाऱ्या बाईकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“अनशे? मेली न्हाईस व्हय आजून?”

“तुला भेटल्याबिगर कशी मरू?”

सून घोंगडं अंथरायला धावली. पाहुणे फौजेतले, सासऱ्यांच्या ओळखीचे असतील, असा तिने अंदाज बांधला. नातवंडं मोटारीभोवती जमली.

सुभेदारांनी मुद्दाम धोंडुबाईंना बाजूला घेऊन विचारलं, “वैनी, रेकॉर्ड आणलीय. तुमचं नाव हाय तीत. घरात वाजवू का नको, तुमी सांगा. नको म्हनला तर च्या पिऊन जातो.”

धोंडुबाईंनी सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला.

“वाजवा,” त्या म्हणाल्या. “ज्यांना भ्यायचं हुतं ते समदे गेले.”

बर्ग्यांनी सुई टेकवली. ‘पाव्हणं, उंबऱ्यात थांबा जरा.’ सून चहाचं आधण ठेवता ठेवता दारात येऊन थांबली. हे गाणं तिच्या लग्नातही वाजलं होतं. धोंडुबाई तांदूळ निवडतच होत्या. नेहमी जिथे ढोलकी विरायची तिथे ती या वेळी विरली नाही. उलट चढली, चढली, आणि एका थापेवर तुटली. क्षणभर नुसती खरखर. मग एका पुरुषाचा भान सुटलेला आवाज: “व्वा गं धोंडे! जीव काढलास!” आणि पाठोपाठ एका तरण्या पोरीचं खळखळून हसणं.

सोप्यात सगळे धोंडुबाईंकडे बघू लागले.

“आत्याबाई,” सून म्हणाली, “ह्ये गानं तुमी म्हनलंय?”

“मग काय तुजा सासरा म्हनत हुता?”

पहिल्यांदा नातवंडं हसली, मग सून, मग अनसूयाबाई. त्यांच्या हसण्याचं रडणं कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही.

शिवांजली पुढे झाली आणि धोंडुबाईंच्या पायांशी बसली.

“आज्जी, दुसऱ्या एका तबकडीवरची ही आरोळी मी पिनेनं खरवडून काढली. तुमचं नाव पुसलं मी. मला माफ करा.”

धोंडुबाईंनी सूप बाजूला सारलं. तिची हनुवटी वर करून तिचा चेहरा नीट पाहिला. मग मोठ्याने विचारलं, “अनशे, ही तुजी नात नाचती?”

“नाचती. लय चांगली नाचती.”

“आन् गाती?”

“न्हाई गात. कॅसेट लावती.”

“म्हनूनच,” धोंडुबाई शिवांजलीला म्हणाल्या. “आता गळ्यात घे, म्हंजी कुनाला खरवडता येनार न्हाई. सरळ बस. पाठ ताठ कर. म्हन माज्या मागं.”

त्यांनी घसा साफ केला. आवाज फाटला होता, वरच्या सुराला पोचत नव्हता, पण जागा एकही चुकली नाही. शिवांजलीने पहिली ओळ उचलली. ती चुकली. धोंडुबाईंनी तिला थांबवलं आणि पुन्हा सुरुवात केली.